पैसा खिडकीतून, पैसा पदरातून

स्लोव्हेनियात एखादा माणूस नको तिथे खर्च करत सुटला की लोक म्हणतात, हा पैसे खिडकीतून फेकतोय. त्यांच्या भाषेत ते असं आहे : ‘मेताती देनार स्कोझी ओक्नो’. मेताती म्हणजे फेकणे, देनार म्हणजे पैसा आणि ओक्नो म्हणजे खिडकी. माझी पुतणी ल्युब्लियानाला, म्हणजे त्यांच्या राजधानीत, नोकरी करते. तिने हा वाक्प्रचार मला फोनवर शिकवला आणि मी तो इथे इंदूरला, राजेंद्र नगरातल्या घरी, हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. मी बँकेत कॅशिअर होते. नोकरीची बहुतेक वर्षं खिडकीमागे बसून लोकांचे पैसे मोजण्यात गेली. त्यामुळे पैसा आणि खिडकी एका वाक्यात ऐकल्यावर माझं मन तिथे अडकलं, आणि आपण मराठी माणसं खर्चाबद्दल काय काय बोलतो याचा मी नीट विचार करू लागले.

आधी त्या देशाविषयी थोडं सांगते. स्लोव्हेनिया म्हणजे इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मध्ये वसलेला लहानसा देश. वस्ती एकवीस लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या इंदूर शहराची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती, म्हणजे तो सगळा देश आमच्या शहराएवढा. १९९१ साली तो युगोस्लाव्हियातून वेगळा झाला आणि त्याच वर्षी त्यांनी ‘तोलार’ नावाचं स्वतःचं चलन सुरू केलं. १ जानेवारी २००७ पासून तिथे युरो आला. एका युरोला २३९.६४ तोलार, असा अदलाबदलीचा दर होता. इतक्या थोड्या लोकांच्या भाषेतले वाक्प्रचार यानेझ केबेर या अभ्यासकाने कोशात गोळा केले आणि तो जाडजूड कोश २०११ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ चाळीसच्या दशकातच दोन खंडांत करून ठेवला आहे. त्याही आधी, १८९९ साली, मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्याने मराठी म्हणींचा मोठा संग्रह इंग्रजी अर्थासह ऑक्सफर्डहून छापला होता.

खिडकीतून पैसे फेकण्याची कल्पना एकट्या स्लोव्हेनियाची नाही. जर्मन आणि फ्रेंच माणसंही हेच म्हणतात. आपण म्हणतो, पैसा पाण्यासारखा खर्च केला, पैशाची उधळपट्टी केली, पैसे पाण्यात गेले. पुतणीने आणखी एक वाक्प्रचार सांगितला. फार डामडौलात राहणाऱ्या माणसाबद्दल तिकडे म्हणतात की तो ‘मोठ्या पायावर जगतो’ : ‘झिवेती ना वेलिकी नोगी’. मला लगेच आपलं ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ आठवलं. तिकडेही पाय, इकडेही पाय. त्यांनी पसरलेला पाय दाखवला, आपण अंथरुणाची आठवण दिली. बचतीबद्दलही तेच. ‘झर्नो दो झर्ना पोगाचा, कामेन दो काम्ना पालाचा’, म्हणजे दाण्याला दाणा जोडत गेलं की रोटी होते, दगडाला दगड जोडत गेलं की वाडा उभा राहतो. आपण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणतो. धान्याचा दाणा आणि पाण्याचा थेंब जपणारी माणसं सगळीकडे एकाच रीतीने विचार करतात, हे कळून मला आनंद झाला.

पण मराठीने खर्चाला एक वेगळा प्रश्न विचारला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. खिडकीचा वाक्प्रचार विचारतो, पैसा गेला कुठे? मराठी म्हण त्याच्याही आधी विचारते, पैसा कोणाचा होता?

त्यासाठी आपली माणसं पैसे कुठे ठेवत होती ते पाहायला हवं. शिवलेले खिसे रूढ होण्याआधी पैसा कापडात बांधला जाई. पुरुषांच्या धोतराची कनवट, बायकांच्या लुगड्याचा पदर, कमरेची कडोसरी. त्यातूनच ‘गाठीला पैसा असणे’ आलं, ‘पदराला खार लागणे’ आलं, आणि माझ्या मते मराठीतला खर्चाविषयीचा सर्वांत सुंदर शब्दही तिथूनच आला : पदरमोड. दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या कामासाठी स्वतःच्या गाठीचा पैसा घालणे, तेही गाजावाजा न करता, याला पदरमोड म्हणतात. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली, शिकली, ती या पदरमोडीवर. हा शब्द शाळेतल्या मुलांना शिकवायचा असेल तर लक्ष्मीबाईंचं नाव घेऊन शिकवावा.

आमच्या वसाहतीतही हा शब्द जिवंत आहे. राजेंद्र नगर हे इंदूरच्या नैर्ऋत्येला, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला, महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या आपल्या छोट्या स्थानकासह वसलेलं आहे. इथे मराठी घरं पुष्कळ. गणपती संपल्यावर हिशेब वाचायला बसतो तेव्हा वर्गणी एका बाजूला, खर्च एका बाजूला, आणि शेवटी कोणीतरी वयस्क माणूस म्हणतो, “मंडपाच्या दिव्यांचा खर्च यात दिसत नाही, ती अमक्याची पदरमोड आहे.” तो अमका तेवढ्यापुरता खाली बघतो. टाळ्या वाजत नाहीत, पण सगळ्यांच्या ते लक्षात राहतं. आणि याच बैठकीत, वर्गणीच्या पैशातून कार्यकर्त्यांच्या मोठ्या जेवणाची सूचना आली, की दुसरी म्हण निघते : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

ही म्हण उलगडून सांगायला हवी, कारण तरुण मुलांना तिचा अर्थ लागत नाही. आपल्याकडे एखादी वस्तू दान करायची तर तिच्यावर तुळशीचं पान ठेवून ती ‘कृष्णार्पण’ म्हणतात. पान ठेवलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. आता एखाद्याने मिठाईवाल्याच्या घरावरच तुळशीपत्र ठेवलं तर? मिठाई त्याची, पुण्य याचं. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणाऱ्याला मराठीने इतक्या स्वच्छपणे पकडलं आहे. ‘आयजीच्या जीवावर बायजी उदार’ ही तिचीच धाकटी बहीण.

या म्हणीचं उत्तर आमच्या इंदूरच्या इतिहासात आहे. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. १७३४ साली बाजीराव पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही उत्पन्न खासगी म्हणून लावून दिलं गेलं. पुढे ती खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी महेश्वराहून राज्य केलं. सैन्य आणि कारभार यांचा खर्च दौलतीतून होई. देवळं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं यांच्यासाठी त्यांनी खासगीला हात घातला. काशी विश्वेश्वराचं मंदिर, सोमनाथचं मंदिर, गयेचं विष्णुपद मंदिर, महेश्वरचे घाट ही त्यांची कामं आजही उभी आहेत. त्यांनी खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला अर्पण केला, ही कथा आमच्याकडे घरोघर सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकावी, पण तिच्यातली समज खरी आहे. तुळशीपत्र ठेवायचं तर स्वतःच्या धनावर ठेवावं. राजघराण्यातल्या बाईने प्रजेचा पैसा आणि आपला पैसा वेगळा ओळखला, म्हणून अडीच शतकांनंतरही लोक तिला देवी म्हणतात.

त्या खासगीचा धागा आपल्या काळापर्यंत येतो. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं, आणि त्याच्या बदल्यात धर्मादाय कामांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायम देण्याचं ठरलं. १९६२ साली त्यासाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. सुट्ट्या दोन रुपयांपर्यंतचा तो आकडा मी वाचला तेव्हा कॅशिअर म्हणून मला बरं वाटलं. कोणीतरी बसून नेमका हिशेब लावला होता.

आता देनार या शब्दाकडे परत येते, कारण तो आपल्यालाही परका नाही. रोमन लोकांचं ‘देनारियस’ नावाचं नाणं होतं. त्याच शब्दातून स्लोव्हेनियन भाषेतला देनार आला, आणि त्याच शब्दातून संस्कृतातला दीनार आला. गुप्तकाळातल्या सोन्याच्या नाण्यांना शिलालेखांत दीनार म्हटलं आहे. आमच्या मध्य प्रदेशातच, भोपाळजवळच्या सांचीला, गुप्त संवत १३१चा, म्हणजे इसवी सन ४५०-५१चा एक लेख आहे. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने सांचीच्या संघाला बारा दीनार दिले. ते ‘अक्षयनीवी’ म्हणून दिले, म्हणजे मुद्दल कधी मोडायचं नाही आणि येणाऱ्या व्याजातून रोज एका भिक्षूला जेवण द्यायचं. शिवाय दिव्यांसाठी आणखी दीनार वेगळे. पंधराशे वर्षांपूर्वीची ही मुदत ठेवच आहे. बँकेत मी कितीतरी बायकांच्या ठेवी लिहून घेतल्या आहेत : मुलीच्या लग्नाच्या, नवऱ्याच्या आजारपणासाठीच्या, काशीला जाण्यासाठीच्या. त्या सगळ्या मला हरिस्वामिनीच्या वंशातल्या वाटतात. खर्च करायचा, पण ज्यातून खर्च होतो ते झरत राहावं, हा विचार आपल्या मातीतला आहे.

बँकेच्या खिडकीमागे बसून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मराठी माणूस पैशाबद्दल बोलताना सहज वहीची भाषा बोलतो. महिन्याची ‘तोंडमिळवणी’ होत नाही, म्हणजे जमेची बाजू आणि खर्चाची बाजू यांची गाठ पडत नाही. अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला पैसा म्हणजे ‘गंगाजळी’. परत येण्याची आशा नाही ते ‘बुडीत खाती’ गेलं. आणि फसगतीत गेलेले पैसे कुठे लिहायचे? तर ‘अक्कलखाती’. माझ्या खिडकीशी आलेल्या एका म्हाताऱ्या खातेदाराने दुप्पट परताव्याच्या आमिषात रक्कम घालवली होती. पासबुक पुढे सरकवत ते शांतपणे म्हणाले, “एवढे अक्कलखाती टाका बाई, आणि उरलेल्याची एफडी करा.” त्यांचा स्वर मी विसरलेले नाही. खोट आली ती त्यांनी मान्य केली, तिला नाव दिलं, हिशेबात लिहिली आणि पुढच्या ओळीला गेले. पैसा गेल्यावर माणूस कोलमडू नये यासाठी भाषेने करून ठेवलेली ही सोय आहे. आज फोनवरून फसवल्या गेलेल्या कितीतरी लोकांना मी हाच शब्द सांगते. आधी बँकेला कळवा, १९३० या क्रमांकावर तक्रार करा, आणि त्यानंतर जे परत मिळणार नाही ते अक्कलखाती टाकून झोपा.

नाण्यांचा हिशेब मात्र मुलांना समजावून द्यावा लागतो. माझा नातू शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतो, घरी मराठी. त्याने मोबाइलला साजेसं म्हणून महागडं कव्हर, काचेचं आवरण आणि कानात घालायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. फोन जुना, थोडक्या किमतीत घेतलेला. मी म्हटलं, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” त्याने विचारलं, “आजी, चार आणे म्हणजे किती?” मग मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. १९६४ साली त्यातला ‘नया’ गळला. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आणि पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनात राहिलं नाही. मग त्याला म्हण पुन्हा वाचायला लावली. चार अधिक बारा म्हणजे सोळा : पुरता एक रुपया खर्च झाला, आणि खरी वस्तू त्यात फक्त पावभर. एवढा नेमका अंदाजपत्रकाचा धडा एका ओळीत बसवलेला आहे. त्याने कव्हर घेतलं, बाकीचं ठेवून दिलं.

इंदूरच्या मराठीत या म्हणींना हिंदीची सोबत आहे. आम्ही दुकानात ‘सुट्टे’ मागत नाही, ‘खुल्ले’ मागतो. घरात ‘ऋण काढून सण’ म्हणणारी बाई सराफ्यात गेली की ‘आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया’ म्हणते. कंजूष माणसाला मराठीत कवडीचुंबक आणि हिंदीत ‘चमडी जाए पर दमडी न जाए’. कवडी मालदीवच्या समुद्रातून आलेली, दमडी हा पैशाचाही लहान तुकडा. दोन्ही बाजारातून केव्हाच गेल्या, बोलण्यात राहिल्या. मला यात भाषेची भेसळ दिसत नाही. दोन भाषांतल्या म्हणी माहीत असलेल्या माणसाकडे खर्चाआधी विचार करायला दोन जागा असतात.

आणि विचारासाठी थांबण्याची जागा आता कमी होत चालली आहे. २०१६ साली यूपीआय आलं. चोइथराम मंडीत कोथिंबिरीची जुडी घेतली तरी चौकोन स्कॅन करायचा, डबीतून रक्कम मिळाल्याचा आवाज येतो आणि व्यवहार संपतो. ही सोय फार मोठी आहे. खुल्ले नाहीत म्हणून गोळ्या घ्याव्या लागत नाहीत, भाजीवालीला रात्री गल्ला सांभाळत घरी जावं लागत नाही. मी स्वतः वापरते आणि माझ्या वयाच्या बायकांना वापरायला शिकवते. पण पदराची गाठ सोडताना, पाकिटातून नोट काढताना, बँकेच्या खिडकीशी रांगेत उभं राहताना जो क्षणभर थांबा मिळायचा, तो गेला. त्या थांब्यात माणूस स्वतःला विचारायचा, हे घ्यायला हवं का? पैसा दिसेनासा झाल्यावर हा प्रश्न विचारायचं काम आता शब्दांनाच करावं लागेल.

म्हणूनच मला म्हणींची काळजी वाटते. परीक्षेत ‘खालील म्हणीचा अर्थ लिहा’ म्हणून पाच गुणांपुरती शिकलेली म्हण मुलाच्या उपयोगी पडत नाही. ती खर्चाच्या वेळी कानावर पडली तरच कामाला येते. माझ्या आईने मला ‘दात कोरून पोट भरत नाही’ कधी समजावून सांगितलं नाही. पोस्टकार्डावर अक्षरं बारीक करून जागा वाचवणाऱ्या काकांना ती ते म्हणाली, आणि काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक मला तिथे कळला. पुतणीही स्लोव्हेनियन अशीच शिकली. कचेरीतल्या तिच्या सहकारी बाई दुकानाच्या काचेसमोर उभ्या राहून खिडकीचा वाक्प्रचार म्हणाल्या, तेव्हा तो तिला कायमचा आला.

तर वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या मुलाला खरेदीला बरोबर न्या, आणि पैसे देण्याच्या आधी एक म्हण मोठ्याने म्हणा. मसाला कोंबडीपेक्षा महाग होत असेल तर तसं म्हणा. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पैशावर कोणी उदार होत असेल तर बैठकीत तुळशीपत्राची म्हण न घाबरता काढा. कोणी गुपचूप पदरमोड केली असेल तर ती मुलांना दाखवून द्या. मुलगा परदेशी असेल तर फोनवर त्याच्याकडून तिथली एखादी म्हण शिका आणि आपली एक त्याला द्या. पैसा कमवायला शाळा, कॉलेज आणि कचेऱ्या शिकवतात. तो कसा खर्च करावा आणि कोणाचा खर्च करू नये, हे शिकवणं घराचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारे शब्द मराठीत आधीच तयार आहेत.